तपासणीचा चहा

सरकारला माझ्याइतका चहा कोणी पाजला नसंल. तीस वर्षं होत आली. साहेब बदलले, जीपा बदलल्या, जीपांवरच्या पाट्या बदलल्या, पण वडीगोद्रीहून आत वळलं की आमच्या गावातलं पैलं घर आमचंच, अन् त्या घरात आधण ठेवणारी बेबीनंदा पण तीच. कोणी विचारलं का कधी, बाई, तू बेजार झालीस का? न्हाई विचारलं. साखर कमी पडली तर मात्र लगेच कळायचं सगळ्यांना.

हे सगळं ज्यांच्यामुळं, त्यांचं नाव एकदा घेते, मंग घेणार न्हाई. साहेबराव. माझे मालक. तीन एकर कोरडवाहू रान, त्यात कापूस अन् तूर, दारात एक म्हैस, अन् सरकारवर लै जीव. कोणाच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद असतो, कोणाच्या पारावर बसून गप्पा मारायचा. आमच्या ह्यांना योजनेचा. गावात योजना आली एवढं कानावर पडायचा अवकाश, हातातला घास ताटात टाकून पंचायतीत पळणार. पैलं नाव ह्यांचं. एकदा तर मासे पाळायची योजना आल्ती. आमच्या गावाला नदी न्हाई, तळं न्हाई. तरी नाव देऊन आले. मी म्हणलं, मासे काय रांजणात पाळता का? तर म्हणले, "आगं, कोणीच न्हाई घेतली तर सरकारला वाईट वाटंल."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी रागवायचेच, ते सोडा.

पैली आली ती निर्धूर चूल. आमचा प्रेम तवा कडेवर होता. गवंडी आला, माती कालवली, चूल घातली, तिचं नळकांडं छपरातून वर काढलं. धूर खरंच वर जायचा, खोटं कशाला बोलू. पण चुलीचं तोंड एवढंसं. आमच्याकडं भाकरी ज्वारीची, चांगली ताटाएवढी. तव्यावरून उतरवून आरावर शेकायला जागाच न्हाई. वर्षाच्या आत गावातल्या बायांनी सगळ्या चुली फोडल्या अन् नळकांडी ज्याला जिथं लागली तिथं लावून टाकली. मी फोडली न्हाई. मी खुरपं घेतलं अन् तोंड मोठं करून घेतलं. थोडा धूर यायला लागला, पण भाकरी फुगायला लागली. मंग तपासणीला साहेब आले. ह्यांनी खुर्ची उचलून थेट चुलीपाशी आणून ठेवली अन् मला म्हणले, "चहा ह्याच चुलीवर कर. साहेबांना डोळ्यानं दिसू दे." साहेबांनी चहा पिला, डोळे काही चुरचुरले न्हाईत, खुशीत गेले. बाकीच्या घरात कोणी डोकावलं पण न्हाई.

तिथून ही रीत पडली. ज्या योजनेची तपासणी, तिच्यावरच चहा.

गोबरगॅस आला तवा चहा गोबरगॅसवर. गावात बऱ्याच जणांनी खड्डे घेतले होते. ज्यांची जनावरं दुष्काळात विकली गेली त्यांचे खड्डे वाळले, काहींची टाकी तडकली. आमचा चालू, कारण आमची म्हैस एक अन् हे दोन माणसाचं काम करणारे. सकाळी उठले की घमेलं घेऊन दुसऱ्याच्या बैलामागं. आमच्या मागच्या घरचे रखमाजी, त्यांचा बैल रस्त्यात थांबला की हे पण थांबायचे. लोक हसायचे. मला शरम वाटायची, ह्यांना बिलकुल न्हाई. "गॅस पेटतोय ना?" म्हणायचे. पेटायचा, ते बराबर.

सूर्यचुलीची तर गंमतच. काळी पेटी, झाकणाला आरसा. त्यात म्हणे उन्हावर स्वयंपाक होतो. साहेब सकाळी आले तवाच ह्यांनी पेटीत पातेलं ठेवलं अन् आरसा फिरवत बसले. ऊन सरकलं की आरसा सरकवायचा, आरसा सरकवला की ढग यायचा. साहेब आधी गप्पा मारून राह्यले, मंग जांभया द्यायला लागले, मंग आमच्या बाजेवर झोपले. दुपार कलल्यावर त्यांना उठवून चहा दिला. कोमट होता. साहेब बिचारा भला माणूस, एका घोटात पिऊन टाकला अन् "छान हाय" म्हणले. सध्या त्या पेटीत आमच्या कोंबड्या अंडी घालतात. त्यांना लै पटली ती योजना.

पुढं संडास आले. आता संडासावर चहा कसा करणार? मला वाटलं, सुटले मी. पण ह्यांचं डोकं कुठं गप्प बसतं. साहेब गळ्यात हार घालून उभे, पुढं सरपंच, मागं अर्धं गाव, अन् हे हातात साबण अन् टॉवेल घेऊन म्हणतात, "साहेब, एकदा जाऊन या. लाजू नका, बादली भरून ठेवलीय." साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं. न्हाई म्हणावं तर योजनेचा अपमान. गेला बिचारा आत. थोडा वेळ नुसता उभा राह्यला असंल. बाहेर आला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर तोंडात धरून घरात पळाले.

तेच संडास पुढं कैक वर्षं गावात कापूस अन् कडबा ठेवायला होते. सकाळी उघड्यावर बसणाऱ्यांना धरायला पथकं यायची, शिट्ट्या मारायची, लोक टमरेल लपवून दुसऱ्या वाटेनं जायचे. मंग गावातल्या पोरांची लग्नं निघाली. आमच्या प्रेमला जुन्या जालन्यातली पोरगी सांगून आली, ज्योत्स्ना, आता माझी सून. तिच्या आईनं घरात पाय ठेवल्या ठेवल्या रान किती, म्हशी किती, काही विचारलं न्हाई. संडास कुठं हाय, तेवढं विचारलं. मी दाखवला. लग्न ठरलं. त्या उन्हाळ्यात गावातल्या निम्म्या घरांनी संडासातला कापूस बाहेर काढला. पथकांना जे जमलं न्हाई ते विहिणींनी केलं.

हे त्यावर लै खूश झाले. म्हणले, "बघ बेबी, मी काय सांगत होतो? योजना म्हणजे नवी सून. आल्या आल्या तिच्या भाकरीला नावं ठेवू न्हाई. तिला वर्ष द्यावं, दोन वर्षं द्यावी. मंग बोलावं."

मी म्हणलं, "अन् दोन वर्षांनी बघायला येतं कोण? तुमची जीप तर एकदाच येती."

हे उठले अन् म्हशीकडं निघाले. उत्तर सुचलं न्हाई की हे म्हशीला पाणी दाखवायला जातात. म्हैस तहानलेली असो का नसो.

आता नळाचं सांगते. त्याच्यासाठीच तर बसलेय.

दोन-तीन वर्षांखाली घराघरात नळ द्यायची योजना आली. सगळ्या गल्ल्या नांगरल्यासारख्या खोदल्या. शाळेजवळ टाकी उभी राह्यली. आमचं घर टाकीच्या वाटेवर पैलंच, त्यामुळं आमच्या नळाला पाणी असं सुटायचं की कळशी हातात धरून ठेवावी लागायची. हे रोज सकाळी नळ फडक्यानं पुसायचे. आलेल्या गेलेल्याला सोडून दाखवायचे. मला वाटायचं, आता ह्याला नाव ठेवून बारसं पण करतात की काय.

पण गावाच्या वरच्या अंगाला माळ हाय. तिथं नवी घरं झालीत. ह्यांचा धाकटा भाऊ राजानंद तिथंच राहतो, बायको प्रीती अन् दोन पोरी. माळावर पण दारोदार नळ बसवले, चकचकीत. पाणी मात्र एक थेंब न्हाई. टाकी खाली शाळेपाशी, माळ टाकीपेक्षा वर. पाणी बिचारं चढणार कसं? सुरुवातीला साहेब म्हणले होते, माळावर एक छोटी टाकी अन् मोटार वेगळी देऊ. ठेकेदार म्हणला, शेवटी देऊ. शेवट काही येऊन राह्यला न्हाई. माळावरच्या बाया खाली यायच्या अन् आमच्या नळावर भरून चढ चढून जायच्या. प्रीती पण त्यातच. डोक्यावर हंडा, कमरेवर घागर.

अन् एक दिवस सरपंचाकडून निरोप आला की जालन्याहून तपासणीची टीम येणार. टीमनं काम पूर्ण झालं म्हणलं की ठेकेदार मोकळा, योजना बंद. मंग माळाची टाकी विसरा. हे गावात शेंबड्या पोराला पण माहीत होतं. अन् टीम कुठं येणार, हे पण सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरी.

त्या दिवशी सकाळी प्रीती पाण्याला आली. आता आमच्याकडं एक रीत हाय. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. त्याच्याशी सुनेनं थेट बोलायचं न्हाई. काही सांगायचं तर जावेला सांगायचं, भाया हातभर अंतरावर बसलेला असला तरी. प्रीती लग्न होऊन आली तवापासून ह्यांच्याशी एक शब्द बोलली न्हाई. सगळं माझ्यामार्फत. "अक्का, भायाजींना म्हणावं चहा घ्या." मी म्हणायचे, चहा घ्या. ते म्हणायचे, "घेतो म्हणावं." मी म्हणायचे, घेतात. आम्ही तिघं एकाच चटईवर बसलेलो असायचो.

तर त्या सकाळी ती घागर नळाखाली लावून मला म्हणाली, "अक्का, भायाजींना सांगा, ह्या वेळी नळ दाखवू नका म्हणावं."

हे ओट्यावर बसून दाढी करून राह्यले होते. आरशात बघतच म्हणले, "तिला सांग, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. चालू नळ हाय तर बंद कसा दाखवू? सरकारनं एवढं केलंय."

मी सांगायला तोंड उघडलं, तर प्रीती गर्रकन वळली अन् थेट ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "भायाजी, तुमच्या नळाला पाणी आलं म्हणून माझी घागर भरती का? माझ्या पोरी शाळेच्या आधी चढ चढून पाणी वाहतात. चालू नळापाशी तुमचा फोटो निघाला की त्यांचं जन्मभर वाहणं ठरलं. ह्याला इज्जत म्हणता का?"

म्हणून गेली अन् तिच्या ध्यानात आलं. जीभ चावली, पदर ओढला अन् घागर तिथंच टाकून पळाली.

ह्यांच्या अर्ध्या गालाला साबण तसाच. मला म्हणले, "ती मला बोलली?"

"मंग काय भिंतीला बोलली?"

हे उठले. तोंड धुतलं, घागर भरली, खांद्यावर घेतली अन् माळाची वाट धरली. मी दारातून बघत राह्यले. वय झालंय आता. चढावर दोनदा टेकले.

तिथं काय झालं ते मला नंतर राजानंदनं सांगितलं. हे दारात गेले, घागर ठेवली अन् नळाकडं बघत उभे. नळाच्या खांबाला राजानंदची शेळी बांधल्ती. राजानंद ओशाळून म्हणला, "दादा, नुसताच उभा होता, म्हणलं शेळीला तरी कामी येईल." हे हसले न्हाईत. शेळी सोडायला पण लावली न्हाई. तसेच माघारी फिरले.

वाटेत रखमाजीकडं गेले. रखमाजीच्या अंगणात तो जुना गोबरगॅसचा खड्डा अजून हाय, त्यात पाला भरलेला. ह्यांनी विचारलं, "रखमाजी, तू ही टाकी दुरुस्त का न्हाई करून घेतली रे तवा?"

रखमाजी म्हणला, "आता आठवलं का तुला? दोनदा गेल्तो तक्रार घेऊन. साहेब म्हणला, त्या साहेबरावाचा चालतोय, मंग तुझाच कसा बंद पडतो? तुझ्यातच काहीतरी खोट असंल. मंग मी गेलोच न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुला काय सांगायचं? तू माझ्याच बैलाचं शेण नेऊन गॅस पेटवत होता." असं म्हणून रखमाजी हसला, त्याच्या मनात काही न्हाई. ह्यांच्या मात्र मनाला लागलं ते.

घरी आले अन् जेवायला बसले न्हाईत. हा माणूस उपाशी राहणारा न्हाई. संध्याकाळी सरपंच राधेश्यामभाऊ आले. "साहेबराव, उद्या बराबर अकराला. नळाला हार घाला, चहा जोरदार होऊ द्या." हे नुसते मान हलवून राह्यले. सरपंच गेल्यावर मला म्हणले, "बेबी, मी सरकारची बाजू घेत होतो की सरकारच्या डोळ्यावर पट्टी बांधत होतो?"

मला खरं तर चांगलं सुनावायचं होतं. इतक्या वर्षांचा चहा पोटात साचला होता. पण ह्यांचं तोंड बघून दया आली. म्हणलं, "तुम्ही दाखवलं ते खोटं न्हवतं. एवढंच, की तेवढंच दाखवलं. आता जेवा."

जेवले. दोन भाकरी खाल्ल्या. म्हणजे काहीतरी ठरवलं होतं, हे मी ओळखलं.

सकाळी उठून पांढरा सदरा घातला अन् मला म्हणले, "साखर घे, पत्ती घे, दूध घे, कप घे. स्टो प्रेमकडं दे. माळावर जायचंय."

मी म्हणलं, "पाणी?"

"पाणी न्हाई न्यायचं."

मंग मला कळलं, अन् असं हसू आलं की हातातली बरणी पडता पडता वाचली. लग्नानंतर इतका आवडला न्हवता मला हा माणूस.

घराला कुलूप लावलं. ज्योत्स्ना म्हणाली, "मामा, सरपंच चिडतील." हे म्हणले, "चिडू दे. त्यांना पण चढ चढू दे." माळावर पोचलो तर प्रीती घाबरली. मी तिला सांगितलं, तू गप अंगण झाड अन् रांगोळी काढ. राजानंदनं शेळी सोडली. ह्यांनी स्वतःच्या हातानं त्या कोरड्या नळाला झेंडूचा हार घातला, बाज टाकली, बाजेवर धुतलेली चादर. माळावरच्या सगळ्या बाया जमल्या. कोणाला काही कळून राह्यलं न्हाई, पण मजा हाय हे कळलं.

अकराच्या पुढं खाली जीप वाजली. थोड्या वेळानं प्रेमचा फोन वाजला. सरपंच ओरडत होते, ते मला लांबून ऐकू आलं. ह्यांनी फोन हातात घेतला अन् शांत म्हणले, "भाऊ, चहा माळावर ठेवलाय. हवा चांगली हाय. पाहुण्यांना इकडंच आणा." सरपंचांना वाटलं असंल, ह्याचं काहीतरी नवीन कौतुक. घेऊन आले.

टीमची मोठी साहेब म्हणजे एक बाईच होती. प्रियदर्शनी मॅडम. वय माझ्या सुनेएवढं. जीप चढावर अडकली तर उतरून चालत आली, बूट धुळीनं भरले, तक्रार न्हाई. मागं सरपंच, ग्रामसेवक, ठेकेदाराचा माणूस, सगळे घामेघूम. हे पुढं झाले. "जयभीम मॅडम. बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाई, आमच्या गावाची रीत हाय ती."

"बसते की," मॅडम म्हणाली अन् बाजेवर बसली.

ह्यांनी पातेलं नळाखाली धरलं अन् नळ सोडला. नळातून हवा आली. नुसती हवा. एक मुंगी बाहेर आली, तेवढंच. हे पातेलं तसंच धरून उभे. माळावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

सरपंच खोकून म्हणले, "साहेबराव, येडेपणा करू नका. घरातल्या हंड्यातलं घ्या की पाणी." ठेकेदाराचा माणूस हंड्याकडं निघाला पण होता. प्रीती हंड्यासमोर जाऊन उभी राह्यली. "ते खालचं पाणी हाय," म्हणाली. माणूस जागेवर थांबला.

हे मॅडमना म्हणले, "आमची एक सवय हाय. ज्या योजनेची तपासणी, तिच्यावरच चहा. इतकी वर्षं आम्ही असाच चहा पाजला. दर वेळी माझ्या घरी."

मॅडम नळाकडं बघत होती. म्हणाली, "अन् आज किती वेळ लागेल चहाला?"

"ते आता तुमच्या हातात हाय मॅडम. साखर-पत्ती आम्ही आणलीय."

मॅडम आधी हसली. मंग हसू थांबलं तिचं. बाजेवरून उठली अन् माळावरच्या एकेका घरात जाऊन स्वतः नळ सोडून बघायला लागली. सरपंच मागून सांगून राह्यले, मॅडम, खाली पाणी चांगलं हाय, खाली चला. ती म्हणाली, "खालचं बघायला मला कोणीही नेतं. वरचं दाखवायला आज पैल्यांदा कोणी आणलं." ठेकेदाराच्या माणसाला तिथल्या तिथं सांगितलं, माळाची टाकी झाल्याशिवाय काम पूर्ण धरणार न्हाई.

निघताना ह्यांनी हात जोडले. "मॅडम, एक विनंती हाय. काम पूर्ण झाल्यावर पण या. लगेच न्हाई, वर्षानं या. तवाच कळंल योजना नांदली की माहेरी गेली ते."

"येईन," मॅडम म्हणाली.

सगळेच येईन म्हणतात. मी मनात म्हणलं, ही पण त्यातलीच. अन् तीस वर्षांत पैल्यांदा माझ्या हातचा चहा न पिता सरकार माघारी गेलं, त्याचं मला वाईट पण वाटलं. दूध तर मी चांगलं दाट घेतलं होतं.

सरपंच दोन-तीन महिने आमच्याशी बोलले न्हाईत. गावाचं नाव घालवलं म्हणायचे. पारावर लोक ह्यांना टोमणे मारायचे, काय साहेबराव, सरकारशी बिनसलं का? हे म्हणायचे, "बिनसलं न्हाई. आता कुठं ओळख झाली." माळावर खोदकाम सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. मोटार आली ती चुकीची आली, परत गेली. आमचे हे रोज वर जाऊन बसायचे, मजुरांना तंबाखू द्यायचे अन् काम बघायचे. अन् उन्हाळा संपायच्या आत माळावर पाणी आलं. प्रीतीच्या पोरी नळाखाली डोकी धरून नाचल्या. प्रीती लांबून ह्यांच्या पाया पडली, बोलली मात्र न्हाई. ती रीत परत सुरू.

एक सांगायचं राह्यलं. माळावर पाणी चढलं अन् आमच्या नळाचा जोर गेला. आधी वाहत्या पाण्याला कळशी धरावी लागायची, आता कळशी भरंस्तोवर मी दोन भाकऱ्या थापते. तेही एक दिवसाआड. मी चिडले. कशाला लपवू, चांगलीच चिडले. म्हणलं, लोकांचं भलं करता करता आपलाच नळ घालवला. हे म्हणले, "घालवला कुठं, वाटून गेला." मी म्हणलं, वाटणी करताना मला विचारायचं होतं. तर गेले म्हशीला पाणी दाखवायला.

वर्ष झालं. मोटार एकदा जळाली. माळावरच्या बायांनी वर्गणी काढून, पंचायतीत जाऊन बसून ती दुरुस्त करून घेतली. पुढं किती दिवस चालंल, कोणी सांगावं. पाइप फुटंल, वीज जाईल, सरपंच बदलंल. मी काही ह्यांच्यासारखी भोळी न्हाई.

अन् परवा दुपारी ज्योत्स्ना पळत आली. "आत्या, वळणावर जीप दिसली. त्या मॅडमच हायेत बहुतेक." मी चुलीकडं पळाले, आधण ठेवलं. ह्यांनी सदऱ्याची बटणं लावली, कुंडीतलं गुलाबाचं फूल तोडलं अन् रस्त्याच्या कडंला जाऊन उभे राह्यले, नेहमीसारखे. जीप जवळ आली. आमच्या दारापाशी जरा हळू झाली. खिडकीतून मॅडमनं हात हलवला, हसली, अन् जीप तशीच पुढं निघाली. शाळा मागं टाकली अन् माळाच्या चढाला लागली.

हे हातात फूल घेऊन धुळीत उभे. म्हणलं, गेला माणूस. इतकी वर्षं जीप दारात थांबायची, त्यावर तर जगत होता. मी पदराला हात पुसत बाहेर आले. तर हे वळले, डोळे पाण्यानं भरलेले, अन् तोंडभर हसू.

"बेबी, थांबली न्हाई."

"दिसलं मला."

"आपलं घर ओलांडून गेली," हे म्हणले. "इतक्या वर्षांत कोणी गेलं न्हवतं."

अन् तिथंच दगडावर बसून, जीप माळावर पोचंपर्यंत बघत राह्यले.